घरचा अभ्यास : सिलिंडरमध्ये हवा कोणी भरली?

हिवाळा लागला की भंडाऱ्याच्या घराघरांत सहलीची बोलणी सुरू होतात. पूर्वी सहल म्हणजे रावणवाडी, आंबागड किल्ला, नागझिरा किंवा फार झाले तर गोसेखुर्दचे धरण. आता मोबाइलवर मालवणचे व्हिडिओ पाहून मुले थेट समुद्राचे नाव घेतात. निळे पाणी, रंगीत मासे आणि त्यांच्यामध्ये पाठीवर नळकांडे बांधलेला आपल्यासारखाच कोणी माणूस, असे ते व्हिडिओ असतात. राज्याच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या आपल्या मुलांना पश्चिम टोकावरच्या समुद्राचे वेड लागले तर नवल नाही.

आठवीच्या वर्गात मागे एकदा हाच विषय निघाला. एका मुलीने विचारले, "मॅडम, त्यांच्या पाठीवर ऑक्सिजनचं सिलिंडर असते ना?" बाकीच्या सगळ्यांनी होकारार्थी माना डोलावल्या. मोठ्यांना विचारले तरी दहापैकी नऊ जण हेच सांगतील. कोरोनाच्या काळात ऑक्सिजन सिलिंडर हा शब्द आपल्या कानात इतका बसला आहे की पाठीवरचे प्रत्येक नळकांडे आपल्याला त्याचेच वाटते.

खरे उत्तर वेगळे आहे. पर्यटकांच्या स्कुबा सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता घरात बसून घेत आहोत तीच साधी हवा त्यात दाबून भरलेली असते. नेहमीच्या आकाराच्या एका सिलिंडरमध्ये दोन हजार लिटरहून अधिक हवा मावते. ही हवा किनाऱ्यावरचा किंवा बोटीवरचा कॉम्प्रेसर भरतो. म्हणजे पाण्याखाली तुमचे मूल जो श्वास घेते, तो काही तासांपूर्वी त्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो. तिथली हवा स्वच्छ असेल तर श्वास स्वच्छ. तिथे एखाद्या इंजिनाचा धूर घुटमळत असेल तर तोही सिलिंडरमध्ये बंद होतो.

या धुरातला सर्वांत घातक वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या महिन्याचा धडा त्याच्यावर आहे. समुद्राकडे कधीच न जाणाऱ्या घरांनीही तो पूर्ण वाचावा, कारण हा वायू मालवणपेक्षा आपल्या न्हाणीघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत जास्त वेळा येतो.

न दिसणारा, न कळणारा

लाकूड, कोळसा, पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस यांतले काहीही पुरेशी हवा न मिळता अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसकाही लागत नाही.

इथे आपली एक सवय आड येते. स्वयंपाकघरात गॅस गळला की लगेच वास येतो, म्हणून गॅस म्हटले की वास येणारच असे आपण धरून चालतो. खरे तर स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती लोकांना कळावी म्हणून कारखान्यात मुद्दाम उग्र वासाचे रसायन त्यात मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडमध्ये असा वास मिसळायला कोणी बसलेले नसते.

तो शरीरात काय करतो तेही पाहू. रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोहोचवते. पण कार्बन मोनॉक्साइड समोर आला की ते त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरते. एसटीच्या सगळ्या जागा एखाद्याने रुमाल टाकून अडवाव्यात आणि खरे प्रवासी फलाटावरच राहावेत, तसा हा प्रकार आहे. गाडी धावत असते, पण ज्याला पोहोचवायचे तो ऑक्सिजन तिच्यात नसतो. सर्वांत आधी झळ बसते ती मेंदूला आणि हृदयाला.

पाण्याखालचे गणित

आता हाच वायू घेऊन पाण्यात उतरू. आपल्या डोक्यावर हवेचा जो दाब असतो तेवढाच जादा दाब समुद्रातले 10 मीटर पाणी टाकते. म्हणून 10 मीटर खोलीवर एकूण दाब दुप्पट होतो, 20 मीटरवर तिप्पट आणि 30 मीटरवर चौपट. तोंडाला लावलेली नळी त्याच दाबाने हवा देते. सिलिंडरच्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत 20 भाग असेल, तर 20 मीटर खोलीवर त्याचा दाब जमिनीवरच्या 60 भागांइतका होतो. जमिनीवर जे थोडे वाटते ते खाली थोडे राहत नाही. म्हणूनच श्वासाच्या हवेबद्दलचे नियम कडक आहेत. युरोपच्या मानकात ही मर्यादा दहा लाखांत 5 भाग आहे आणि अमेरिकेत पाणबुड्यांसाठी चालणाऱ्या हवेच्या दर्जात 10 भाग.

यात एक फसवी गोष्ट आहे. ती ज्यांच्या कामामुळे कळली ते जॉन स्कॉट हॉल्डेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत स्फोट झाल्यावर बरेच मजूर भाजून मरत नाहीत, या वायूने मरतात, हे त्यांनी 1896 च्या अहवालात दाखवले. खाणीत छोटे प्राणी आणि पक्षी सोबत नेण्याचा सल्लाही त्यांचाच. माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि मजूर बाहेर पळत. ब्रिटनच्या खाणींत पिवळे कॅनरी पक्षी 1986 पर्यंत या कामावर होते. याच हॉल्डेनांनी पुढे 1908 मध्ये पाणबुड्यांनी वर येताना कुठे आणि किती थांबावे याची कोष्टके दिली.

1895 मध्ये त्यांनी एक प्रयोग केला होता. दुप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेले उंदीर कार्बन मोनॉक्साइड असूनही जगले. जास्त दाबामुळे ऑक्सिजन थेट रक्ताच्या पाण्यात विरघळला आणि हिमोग्लोबिनच्या अडलेल्या जागांवाचून त्यांचे निभावले. खोल उतरलेल्या माणसाचेही काही अंशी असेच होते. खाली दाब जास्त असतो, त्यामुळे विषबाधा होत असली तरी वाढलेला ऑक्सिजन थोडा आधार देतो आणि त्याला बरे वाटत राहते. तो वर येऊ लागतो तसा दाब उतरतो, विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, पण हिमोग्लोबिनला चिकटलेला विषारी वायू तसाच राहतो. मग वर येताना, कधी पृष्ठभागापाशी पोहोचल्यावर, त्याची शुद्ध हरपू शकते. बघणाऱ्यांना वाटते, आत्तापर्यंत तर चांगला होता, घाबरला असेल.

मालवणला हौशी पर्यटकांना बहुधा काही मीटरच खाली नेतात आणि तेही प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन. त्यामुळे तिथे दाबाचा गुणाकार लहान असतो. पण हवेतच विष जास्त असेल तर थोडी खोलीही पुरते आणि पाण्यात आलेली साधी भोवळही जीवावर बेतू शकते.

हवेत विष शिरते कसे

मुख्य वाटा दोन आहेत. पहिली कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाची. कॉम्प्रेसर पेट्रोल किंवा डिझेल इंजिनावर चालत असेल आणि त्याच इंजिनाचा धूर वाऱ्याने फिरून तोंडाशी आला, तर तो सिलिंडरमध्ये जातो. शेजारी उभी केलेली जीप, जनरेटर, बोटीचे इंजिन, जळता कचरा यांचेही तसेच. सकाळी वारा एका दिशेने असतो, दुपारी फिरतो आणि सकाळी ठीक असलेली जागा दुपारी ठीक राहत नाही.

दुसरी वाट आतली आहे. कॉम्प्रेसरमध्ये वंगणाचे तेल असते. यंत्र फार तापले, तेल चुकीचे वापरले किंवा देखभाल राहिली, तर ते तेल आतल्या आत करपते आणि तिथेच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बाहेरची हवा कितीही स्वच्छ असली तरी मग उपयोग नाही.

कॉम्प्रेसरला गाळणी असते, पण तिचीही मेख आहे. साधा सक्रिय कोळसा तेलाची वाफ आणि वास शोषून घेतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र अडवत नाही. म्हणजे वास निघून जातो आणि विष राहते. हा वायू पकडायला हॉपकलाइट नावाचे मिश्रण लागते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत ते तयार झाले आणि त्यात मँगनीज डायऑक्साइड आणि तांब्याचा ऑक्साइड असतो. यातले मँगनीज डायऑक्साइड आपल्याला परके नाही. आपल्याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून त्याचे खनिज निघते आणि टॉर्चच्या सेलसाठी जाते. हॉपकलाइट कार्बन मोनॉक्साइडला साध्या कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलून टाकते, पण ते कोरडे असेल तरच. दमट किनाऱ्यावर गाळणी वेळेवर बदलली नाही तर तिचा असून नसून सारखाच उपयोग.

म्हणून खात्रीचा मार्ग एकच उरतो, हवा मोजण्याचा. यासाठी हातात मावणारे मीटर मिळते. सिलिंडरची थोडी हवा त्यावर सोडली की आकडा दिसतो. मिनिटभराचे काम आहे.

विचारायला भीड कसली?

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. तेव्हापासून लोक बोट आणि लाइफ जॅकेट तरी निरखून पाहतात. हवेबद्दल मात्र कोणी विचारत नाही, कारण ती दिसत नाही. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कुबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. म्हणजे हा विषय नीट जाणणारे लोक तिथे आहेत. प्रश्न आपण विचारतो का, एवढाच आहे.

आपल्या घरांत मुलीसाठी स्थळ पाहताना दहा ठिकाणी चौकशी होते. कुर्बानीचा बकरा घेताना त्याचे दात, पाय, डोळे पाहिले जातात. मग मुलाच्या तोंडात हवेची नळी देताना "भाऊ, ही हवा कुठे भरली?" एवढे विचारायला आपण का लाजतो? "ते रोजच करतात, त्यांना जास्त कळते" असे म्हणून आपण गप्प बसतो. प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणे नव्हे. जो काम चोख करतो त्याला उत्तर द्यायला आवडते. दुसऱ्याने भरलेला श्वास ही अमानत आहे आणि अमानत सोपवताना व घेताना विचारपूस करणे दोघांच्याही भल्याचे असते.

विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. सिलिंडर कुठे भरतात? कॉम्प्रेसर विजेवर चालतो की इंजिनावर, आणि इंजिनाचा धूर कुठे सोडला आहे? गाळणी शेवटची कधी बदलली? कार्बन मोनॉक्साइडचे मीटर आहे का, असेल तर आमच्यासमोर आकडा दाखवता का? नळीतून आलेल्या हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती नकोच. वास आला नाही म्हणजे हवा चांगली, असे मात्र समजू नका.

पाण्यात असताना किंवा वर आल्यावर डोके दुखणे, मळमळ, भोवळ, हातापायांतली ताकद जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसली तर "बोट लागली असेल", "ऊन लागले असेल" म्हणून सोडून देऊ नका. त्या माणसाला ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन द्यायला सांगा आणि दवाखान्यात न्या. ते सिलिंडर रिकामे करू देऊ नका, तपासणीसाठी बाजूला ठेवायला सांगा. त्याच कॉम्प्रेसरवर भरलेली बाकीची सिलिंडरे घेऊन कोणी पाण्यात असेल तर त्यांना आधी वर बोलवायला लावा. असे प्रसंग क्वचित येतात. पण आले तर एका माणसावर थांबत नाहीत, कारण हवा सगळ्यांची एकाच यंत्रातून आलेली असते.

समुद्र नाही, पण न्हाणीघर आहे

आता भंडाऱ्याला परत येऊ. 9 जानेवारी 2021 ची पहाट या गावात कोणी विसरलेले नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. तीन बाळे भाजल्याने आणि सात गुदमरून दगावली, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. आगीत ज्वाळेपेक्षा धूर जास्त माणसे मारतो आणि त्या धुरातला मोठा मारेकरी हाच वायू असतो, हे जगभरातल्या आगींतून दिसले आहे. म्हणून आग लागली की सामान वाचवायला थांबायचे नाही. खाली वाकून, तोंडावर फडके धरून माणसे आधी बाहेर काढायची. ओले फडके काजळी अडवते, हा वायू अडवत नाही. फडके आहे म्हणून आत रेंगाळू नका.

आगीशिवायही हा वायू घरात येतो. गॅस गीझर बंद न्हाणीघरात लावला आणि झरोकाही नसला, तर तो खोलीतला ऑक्सिजन संपवत जातो. मग गॅस अर्धवट जळू लागतो. आंघोळ करणाऱ्याला भोवळ येते, दार आतून बंद असते आणि पाण्याच्या आवाजात बाहेर काही कळत नाही. मार्च 2023 मध्ये रंग खेळून आलेले मुंबईच्या घाटकोपरमधले एक जोडपे न्हाणीघरात मृत आढळले, तेव्हा संशय गॅस गीझरवरच गेला होता. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे थंडीमुळे खिडक्या-दारे लावून गॅसचा हीटर पेटवून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यांतली चार मुले होती.

आपल्याकडची सिगडी याच जातीची. पौषाच्या थंडीत निखाऱ्यांची सिगडी खोलीत ओढून दार लावून घेणारी घरे अजून आहेत. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून ती निर्धोक वाटते. धूर संपला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. जच्चाला शेक हवा, बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, फटींत कापड, खाटेखाली शेगडी आणि वर लोबानची धुरी. आपल्या दादी-नानींनी हे केले तेव्हा घरे कौलारू होती आणि कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. आता वर स्लॅब आहे आणि खिडक्यांना सरकती काच. प्रथा तीच राहिली, खोली बदलली. मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, त्यामुळे विषही लवकर ओढतात. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त धोका असतो. शेक द्यायचा असेल तर खिडकी उघडी ठेवून द्या आणि झोपण्याआधी शेगडी खोलीबाहेर काढा. गरम पाण्याची पिशवी त्याहून बरी.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. कोरोनात आपण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. तो या विषबाधेत फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखेच दिसते. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असताना पडद्यावर 98 दिसू शकतात. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते, म्हणून डॉक्टरांना "बंद खोलीत शेगडी होती", "गीझर चालू होता" हे आपणहून सांगा.

असा कोणी आढळला तर आत शिरण्याआधी स्वतः मोकळ्या हवेत खोल श्वास घ्या, दारे-खिडक्या सताड उघडा, त्याला बाहेर ओढा, आग किंवा गीझर बंद करा आणि 108 ला फोन लावा. आपल्या भागात विहिरीत उतरलेल्याला काढायला दुसरा, मग तिसरा उतरतो आणि सगळेच जातात, तसे इथे होऊ देऊ नका. मोकळ्या हवेत आणल्यावर बरे वाटले तरी दवाखाना टाळू नये. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला साधारण 4 ते 6 तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर एक ते दीड तास पुरतो आणि दाबाच्या कक्षात ऑक्सिजन दिला तर अर्ध्या तासाच्या आसपास. मेंदूवरचे काही परिणाम दिवसांनी उमटतात, हेही लक्षात असू द्या.

या महिन्याचा अभ्यास

आज घरातल्या सगळ्यांनी मिळून न्हाणीघरात जावे आणि हवा येण्याची व जाण्याची अशा दोन्ही वाटा आहेत का ते पाहावे. गीझर गॅसचा असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर हलवण्याबद्दल मिस्त्रीला विचारावे. तोवर बादली आधी भरून, गीझर बंद करून मगच आंघोळीला जावे. घरात किंवा शेजारी बाळंतीण असेल तर तिच्या खोलीची खिडकी पाहून यावी. दुकानात जनरेटर असेल तर तो शटरच्या आत ठेवला आहे का, ते पाहावे. आणि सुट्टीत मालवणला जाणार असाल तर वर दिलेले प्रश्न वहीत उतरवून मुलांकडे द्यावेत. मुलांना प्रश्न विचारायला भीड पडत नाही, हे माझ्या वर्गात मी रोज पाहते.